मीडियम फॉरमॅट कृष्णधवल प्रिंटसाठी एन्लार्जर आणि लेन्स: कोणती जोडी घ्यावी?

चौकोनी_फ्रेम

नमस्कार मंडळी.

मी यशिकामॅट १२४जी कॅमेऱ्यावर १२०ची कृष्णधवल फिल्म वापरतो. रोल घरीच धुतो, मात्र प्रिंटसाठी आजवर स्कॅनरवर विसंबून राहिलो. आता कोथरूडच्या आमच्या सदनिकेतली बिनखिडकीची दुसरी न्हाणी डार्करूम म्हणून वापरायला घरातून परवानगी मिळाली आहे, त्यामुळे एन्लार्जरचा (निगेटिव्ह कागदावर मोठी करून छापणाऱ्या यंत्राचा) शोध सुरू केला आहे. सध्या समोर तीन पर्याय आहेत.

पहिला जुन्या बाजारात पाहिला. तो देशी बनावटीचा, ६×६ (सेंमीच्या निगेटिव्ह) पर्यंतचा कंडेन्सर (भिंगांनी प्रकाश एकवटणारा) एन्लार्जर असून त्याला ७५ मिमीची, नाव पुसले गेलेली तीन भिंगांची लेन्स लावलेली आहे. किंमत अगदी किरकोळ आहे. दुसरा म्हणजे साताऱ्याच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतला ड्युर्स्ट एम६०५, तोही ६×६ पर्यंतचा, कलर हेडसह (रंगीत फिल्टर असलेल्या दिव्याच्या डोक्यासह). तिसरा सर्वात मोहात पाडणारा आणि सर्वात त्रासाचा आहे: अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या शेजाऱ्यांकडचा बेसेलर २३सी. तो ६×९ पर्यंत चालतो, पण त्याला लेन्स नाही आणि दिवा १२० व्होल्टचा आहे. भाऊ सामान हलवणार असल्याने कंटेनरमध्ये जागा मिळू शकते.

बहुतेक प्रिंट ८×१० इंचांचे आणि क्वचित १६×२० इंचांचे करायचे आहेत. पुढे ६×७ निगेटिव्हचा मामिया आरबी६७ कॅमेरा घेण्याचा विचार आहे. कंडेन्सर घ्यावा की डिफ्यूजर (प्रकाश सर्वत्र पसरवणारा), आणि लेन्स ७५, ८०, ९० की १०५ मिमी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_स्टुडिओवाला

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात दडलेले आहे. आरबी६७ खरोखर घेणार असाल, तर पहिले दोन्ही पर्याय आजच बाद होतात. ६×६चा एन्लार्जर ६×७ची निगेटिव्ह अर्धवट दाखवतो असे नाही, तो तिला न्यायच देऊ शकत नाही. कॅरियरची (निगेटिव्ह धरणाऱ्या भागाची) चौकट, कंडेन्सरचा व्यास आणि बेलोजचे तोंड ही सगळी मापे ५६ मिमीच्या चौकोनासाठी बेतलेली असतात. चौकट कानसून मोठी करणारे कारागीर मी पाहिले आहेत, पण कंडेन्सर कानसून मोठा होत नाही आणि मग प्रिंटच्या कडा फिकट पडतात. उलट, मोठ्या मशीनवर लहान निगेटिव्ह केव्हाही छापता येते.

आरबी६७ हा नुसताच विचार असेल, तर साताऱ्याचे ड्युर्स्ट आणा आणि कामाला लागा. इटलीतल्या ब्रिक्सनचे हे मशीन चांगल्या घराण्यातले आहे. जुन्या बाजारातल्या मशीनचा कॉलम हाताने ढकलून पाहा. डोके वर नेल्यावर ते बोटाच्या धक्क्याने डुलत असेल आणि डुलणे थांबायला वेळ लागत असेल, तर फुकटही घेऊ नये.

कंडेन्सरबद्दल माझे मत पक्के आहे. आमच्या काळी लक्ष्मी रस्त्यावरच्या बहुतेक स्टुडिओंत कंडेन्सरच होते आणि त्यांच्या प्रिंटमध्ये जो करकरीतपणा असे, तो मला डिफ्यूजरमध्ये दिसत नाही.

रौप्यकण

स्टुडिओवाले काका, आपल्या अनुभवाविषयी आदर ठेवूनच असहमती नोंदवतो. ज्याला आपण करकरीतपणा म्हणता तो बराचसा काँट्रास्ट आहे, तपशील नव्हे.

कंडेन्सर प्रकाशकिरण एका दिशेने वळवून निगेटिव्हमधून लेन्सकडे पाठवतो. निगेटिव्हच्या दाट भागातले चांदीचे कण हे किरण विखुरतात आणि विखुरलेला प्रकाश लेन्सपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे दाट भाग आहे त्याहून दाट वागतो. याला कॅलिअर परिणाम म्हणतात. डिफ्यूजरमध्ये प्रकाश आधीच सर्व दिशांनी येत असल्याने हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून तीच निगेटिव्ह कंडेन्सरवर साधारण एक ग्रेड (काँट्रास्टची एक पायरी) कडक छापली जाते. डिफ्यूजरवर एक ग्रेड वरचा फिल्टर लावला, तर दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून ओळखणे कठीण जाते. इलफर्ड एक्सपी२सारख्या फिल्ममध्ये अंतिम प्रतिमा चांदीची नसून रंगद्रव्याची असते, तिथे हा फरक मुळातच नगण्य राहतो.

खरा फरक धूळ आणि ओरखड्यांत आहे. कंडेन्सर प्रत्येक केस आणि प्रत्येक ओरखडा इमानाने कागदावर उतरवतो, डिफ्यूजर बराच झाकून नेतो. कोथरूडमध्ये आजूबाजूला सतत बांधकामे चालू असताना मी तरी डिफ्यूजरच घेईन. शिवाय ड्युर्स्टच्या कलर हेडमध्ये मल्टिग्रेड (फिल्टर बदलून ग्रेड बदलता येणाऱ्या) कागदासाठी वेगळे फिल्टर घ्यावे लागत नाहीत, पिवळा आणि मॅजेंटा या दोन चकत्या फिरवून ग्रेड बदलता येतात. डायक्रोइक फिल्टर जिलेटिनसारखे उडत नाहीत. एकच उणीव म्हणजे पूर्ण मॅजेंटा लावूनही अशी हेड बऱ्याचदा ५व्या ग्रेडपर्यंत पोहोचत नाहीत. निगेटिव्ह नीट धुतलेली असेल, तर ५व्या ग्रेडची वेळ फारशी येऊ नये.

जुना_स्टुडिओवाला

रौप्यकण, झाकून नेण्याचा मुद्दा मान्य आहे. पोर्ट्रेटच्या निगेटिव्हवर आम्ही पेन्सिलीने रिटचिंग करत असू आणि त्या निगेटिव्ह मुद्दाम दुधी काच घातलेल्या मशीनवर छापत असू, नाहीतर चेहऱ्यावर पेन्सिलीच्या रेघा उमटायच्या. पण धागाकर्त्यांना चेहरे उजळ करायचे आहेत असे दिसत नाही.

लंबक

प्रकाशाचा वाद चालू राहू द्या, मी लेन्सच्या फोकल लेंग्थचे गणित मांडतो, कारण न्हाणीच्या ओट्यावर मशीन बसणार की नाही हे त्यावरच ठरते.

एन्लार्जर लेन्सची फोकल लेंग्थ निगेटिव्हच्या कर्णाइतकी किंवा थोडी जास्त असावी, हा जुना आणि बरोबर नियम आहे. ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमचा कर्ण सुमारे ४३ मिमी, म्हणून तिला ५० मिमी लेन्स. ६×४.५चा सुमारे ७०, ६×६चा ७९, ६×७चा ९० आणि ६×९चा साधारण १०१ मिमी. यावरून ६×६ साठी ७५ किंवा ८०, ६×७ साठी ९० ते १०५ आणि ६×९ साठी १०५ असे उत्तर निघते.

आता उंची. निगेटिव्हपासून कागदापर्यंतचे अंतर काढायचे असेल, तर प्रतिमा किती पट मोठी होते तो आकडा, त्याचा व्यस्तांक आणि २ यांची बेरीज करून तिला फोकल लेंग्थने गुणावे. ६×६च्या पूर्ण चौकोनाचा ८ इंची प्रिंट म्हणजे सुमारे ३.६ पट, ८० मिमी लेन्सवर हे अंतर साधारण ४७ सेंमी येते. १६ इंची प्रिंट म्हणजे ७.२५ पट आणि अंतर ७५ सेंमी. ६×७ची निगेटिव्ह १६×२० कागदावर छापतानाही सुमारे ७.२५ पटच लागते, पण तिथे ९० मिमी लेन्सला ८५ सेंमी आणि १०५ला जवळजवळ ९९ सेंमी अंतर लागते. निगेटिव्हच्या वर अजून दिव्याचे डोके आहे हे विसरू नका. ओट्याची उंची, त्यावर हे अंतर आणि त्यावर डोके अशी बेरीज करून न्हाणीच्या छताशी, विशेषतः गीझर आणि माळ्याशी, ताडून पाहा. बेसेलरचे २३सी-२ एक्सएल हे रूप लांब कॉलमचे असते. भावाला कॉलमची लांबी मोजून पाठवायला सांगा.

कमी उंचीत मोठा प्रिंट हवा असेल, तर रोडेनस्टॉकने ६×६ साठी ६० मिमीची रोडागॉन-डब्ल्यूए ही वाइड अँगल लेन्स काढली होती. सेकंडहँड बाजारात ती क्वचित दिसते आणि दिसली की महाग असते.

चौकोनी_फ्रेम

सर्वांचे आभार. दोन उपप्रश्न आहेत. एका मित्राकडे एल-निक्कोर ५० मिमी एफ/२.८ पडून आहे आणि तो ती फुकट द्यायला तयार आहे. तिच्यावर ६×६ भागेल का? आणि न भागल्यास ६×६ व ६×७ दोन्हींसाठी एकच १०५ मिमी घेतली तर काय बिघडेल?

लंबक

५० मिमीने भागणार नाही. तिचे प्रतिमावर्तुळ ३५ मिमी फिल्मसाठी आखलेले आहे, ६×६चे कोपरे काळोखात जातील आणि प्रिंटवर पांढरे राहतील. डायफ्रॅम (लेन्सचे छिद्र) कितीही बंद केला तरी ते भरून येत नाही. ती लेन्स मित्राकडून घ्या मात्र, ३५ मिमी फिल्मसाठी उत्तम आहे.

एकच १०५ घेण्यात ऑप्टिकलदृष्ट्या काहीच बिघडत नाही, उलट थोडा फायदाच आहे. निगेटिव्हच्या कोपऱ्यातून लेन्सकडे जाणारा किरण जितका तिरका, तितका कोपऱ्याला प्रकाश कमी मिळतो. ६×६ वर १६ इंची प्रिंट करताना ८० मिमी लेन्समुळे कोपऱ्यात हिशोबाने सुमारे अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) घट येते, तर १०५वर ती साधारण एक तृतीयांश स्टॉपवर येते. एक गंमत अशी की कॅमेऱ्याच्या लेन्सचे कोपरे मंद असल्याने निगेटिव्हचे कोपरे आधीच पातळ असतात आणि प्रिंटमध्ये ते गडद येऊ पाहतात. एन्लार्जरची घट त्यांना फिकट करते. दोन दोष एकमेकांना काही अंशी खोडतात, म्हणून प्रत्यक्ष प्रिंटमध्ये हे आकडे वाटतात तितके डोळ्यांवर येत नाहीत.

१०५ची किंमत उंचीत मोजावी लागते. ८×१० करतानाही ८०च्या ४७ सेंमीऐवजी ६२ सेंमी लागतील, आणि डोके जितके वर तितका कॉलम जास्त हलतो.

मुळाकाठ

लेन्सच्या नावांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी नदीकाठच्या घरात डार्करूम चालवते आणि पावसाळ्यात लेन्सचे काय होते ते चांगलेच पाहिले आहे.

सेकंडहँड बाजारात ज्यांची नावे पुन्हापुन्हा येतात, त्या ८० मिमीच्या तीन लेन्स म्हणजे निकॉनची एल-निक्कोर एफ/५.६, रोडेनस्टॉकची रोडागॉन एफ/४ आणि श्नायडरची कॉम्पोनॉन-एस एफ/४. तिन्ही सहा भिंगांच्या आहेत. तिन्हींवर एफ/८ ते एफ/११च्या दरम्यान काढलेल्या प्रिंटमध्ये फरक शोधण्यात वेळ घालवू नये, जी स्वच्छ मिळेल ती घ्यावी. त्यांच्याच कंपन्यांच्या स्वस्त लेन्स वेगळ्या ओळखायला हव्यात: श्नायडरची कॉम्पोनार आणि रोडेनस्टॉकची रोगोनार या तीन भिंगांच्या, तर रोगोनार-एस चार भिंगांची. नावे इतकी सारखी आहेत की विक्रेतेही गोंधळतात. ८×१० पर्यंत एफ/११ वर या लेन्सही चांगले काम देतात. १६×२० वर मात्र कोपऱ्यातले ग्रेन विरघळल्यासारखे दिसते.

विकत घेताना लेन्स पूर्ण उघडून मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सर्वत्र सारखे धुके दिसले, तर त्याने काँट्रास्ट खाल्ला म्हणून समजा. श्नायडरच्या लेन्समध्ये भिंगांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके दिसतात, ते आतल्या काळ्या रंगाचे असतात आणि प्रिंटवर त्यांचा परिणाम होत नाही. त्यांच्यावरून भाव मात्र जरूर पाडून घ्यावा. एन्लार्जर लेन्स वर्षानुवर्षे तोंड खाली करून लटकत राहते, तेव्हा वरच्या भिंगावरची धूळही पाहा. जून ते सप्टेंबर मी लेन्स मशीनवर ठेवतच नाही, सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

जोडणी बहुतेकांची ३९ मिमी आट्यांची, म्हणजे जुन्या लायका मापाची असते. मशीनचा लेन्स बोर्ड मात्र प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. तो नसेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन लेथवाल्याकडून भोक पाडून घेता येते.

रौप्यकण

मुळाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त कॅरियरचा विषय राहिला आहे आणि मीडियम फॉरमॅटमध्ये तो लेन्सइतकाच महत्त्वाचा आहे. ३५ मिमी फिल्मची पट्टी अरुंद असल्याने बऱ्यापैकी सपाट राहते. १२०ची फ्रेम मधोमध फुगते, आणि दिव्याच्या उष्णतेने एक्स्पोजर चालू असतानाच तिची बाक बदलते. तुम्ही थंड निगेटिव्हवर फोकस केलेला असतो आणि छापली जाते ती गरम झालेली. महागडी लेन्स घेऊनही मधला भाग मऊ येतो तो यामुळे. म्हणून काचेचा कॅरियर घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

जुना_स्टुडिओवाला

काच म्हणजे धुळीला बसायला चार नव्या जागा. वर पावसाळ्यात न्यूटनच्या रिंगा, म्हणजे काच फिल्मला चिकटली की उमटणारी वर्तुळे. आम्ही दिवा एखादा मिनिट लावून निगेटिव्ह गरम होऊ देत असू, ती बाक देऊन स्थिर झाली की फोकस करून लगेच छापत असू. लेन्स एफ/११ वर असेल तर उरलेली बाक खपून जाते.

रौप्यकण

८×१० साठी खपते, मोठ्या प्रिंटला खपत नाही. रिंगा फिल्मच्या चकचकीत पाठीमुळे येतात. निगेटिव्ह मशीनमध्ये इमल्शन (चांदीचा थर असलेली बाजू) खाली करून ठेवतात, म्हणजे चकचकीत बाजू वरच्या काचेला लागते. तेव्हा फक्त वरची काच अँटी-न्यूटन (रिंगा टाळणारी) घ्यावी. खाली साधी काच किंवा नुसती चौकट पुरते. चौकट ठेवली तर धुळीच्या जागा चारवरून दोनवर येतात, काकांचा निम्मा आक्षेप तरी दूर व्हावा.

सदाशिवपेठी

एवढी चर्चा झाली आणि मशीन सरळ उभे आहे का हे कोणीच विचारले नाही. निगेटिव्ह, लेन्स बोर्ड आणि बेसबोर्ड ही तीन प्रतले एकमेकांना समांतर नसतील, तर रोडागॉन आणि जुन्या बाजारातली बिननावाची लेन्स यांत काही फरक उरत नाही. एक कोपरा तीक्ष्ण येतो आणि समोरचा मऊ.

साधी तपासणी अशी आहे. पूर्ण काळी पडलेली एक फ्रेम घ्यावी, इमल्शनवर सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात आणि ती काचेच्या कॅरियरमध्ये ठेवावी. लेन्स पूर्ण उघडी ठेवून ग्रेन फोकसरने (प्रतिमेतले कण मोठे दाखवणाऱ्या भिंगाने) मध्यावर फोकस करावा आणि मग चारही कोपरे पाहावेत. एखादा कोपरा सुटलेला दिसला, तर आधी बेसबोर्ड आणि कॅरियरची जागा स्पिरिट लेव्हलने जुळवून घ्यावी, मग लेन्स बोर्डाखाली कागदाची किंवा पितळी पत्र्याची चकती सारून उरलेला फरक काढावा. मशीन हलवले की पुन्हा तपासावे.

आमच्या वाड्याच्या माडीला लाकडी तक्तपोशी आहे आणि खालून कोणी जिना चढले तरी प्रतिमा थरथरते, म्हणून कॉलमचे वरचे टोक मी भिंतीला पट्टीने जखडले आहे. सदनिकेत जमीन पक्की असते, पण शेजारची वॉशिंग मशीन फिरत असताना १६×२०चे एक्स्पोजर देऊ नये.

चौकोनी_फ्रेम

भावाशी बोललो. बेसेलरचा कॉलम लांबीला पुरेसा आहे आणि छताखाली बसतो, असे गणित जुळले. आरबी६७ घेण्याचेही पक्के केले आहे, त्यामुळे साताऱ्याचे मशीन सोडून देतो. कोणाला हवे असल्यास व्यक्तिगत निरोप पाठवावा. २३सी कंडेन्सर आहे, तेव्हा रोल थोडे कमी वेळ धुवायची सवय लावून घेईन. आता विजेचे काय करावे?

लंबक

१२० व्होल्टच्या दिव्यासाठी २३० वरून ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तपकीर गल्लीत सहज मिळतो. दिव्याच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्या. त्याच्या आधी व्होल्टेज स्टॅबिलायझर असू द्या. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या अंदाजे साडेतीनाव्या घाताने बदलतो. व्होल्टेज ५ टक्के उतरले तर प्रकाश सुमारे १६ टक्के, म्हणजे पाव स्टॉप घटतो. टेस्ट स्ट्रिप (एक्स्पोजर ठरवायची चाचणी पट्टी) दुपारी काढली आणि प्रिंट संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागल्यावर काढला, तर एवढा फरक स्वच्छ दिसतो.

भाऊ जोडीला ग्रालॅब ३००सारखा जुना टायमर देत असेल, तर तो ६० हर्ट्झवर चालणाऱ्या मोटरचा आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचे १० सेकंद खरे १२ सेकंद भरतील. प्रिंटच्या दृष्टीने ते सातत्याने होत असल्याने चालते, पण डेव्हलपरची वेळ त्यावर मोजू नका.

घरगुती एलईडी बल्ब लावण्याचा मोह होईल. कंडेन्सरमध्ये दिव्याची जागा आणि आकार यांना फार महत्त्व आहे, बल्बच्या माथ्यावर छापलेली अक्षरेही बेसबोर्डवर धूसर उमटतात. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा आणि हिरवा यांचे प्रमाण तंतूच्या दिव्यासारखे नसते, म्हणून मल्टिग्रेड फिल्टरच्या ग्रेड सरकतात. सुरुवातीला मूळ ओपल दिवाच वापरा.

मुळाकाठ

लेन्सचे ठरले नसेल तर माझी शिफारस १०५ मिमी एफ/५.६ एल-निक्कोर किंवा त्याच मापाची रोडागॉन. उंची आहे म्हणता, तर एका लेन्सवर दोन्ही फॉरमॅट होतील. २३सीमध्ये कंडेन्सरचे घर वर-खाली सरकवून फॉरमॅटप्रमाणे जुळवावे लागते. तसे जुळवल्यावर निगेटिव्ह न घालता एक कोरा कागद कडक ग्रेडवर मध्यम राखाडी येईल इतका एक्स्पोज करून धुवा. प्रकाश विषम असेल तर त्यावर लगेच कळेल, नुसत्या डोळ्यांना बेसबोर्डवर कळत नाही.

आणि एक्स्पोजर १० सेकंदांपेक्षा कमी येऊ देऊ नका. मीडियम फॉरमॅटला ८×१० वर पट कमी असल्याने प्रकाश जास्त पडतो आणि एफ/८ वर डॉजिंग (काही भाग हाताने झाकून फिका ठेवणे) करायला हात पोहोचेपर्यंत वेळ संपते. एफ/११ वर जा किंवा दिवा कमी वॅटचा लावा.

जुना_स्टुडिओवाला

भावाला चार गोष्टी लिहून पाठवा. कंडेन्सरची दोन्ही भिंगे काढून, वेगवेगळी गुंडाळून, हातातल्या सामानात आणावीत. ६×६ आणि ६×७ दोन्हींचे कॅरियर व ३९ मिमीचा लेन्स बोर्ड शेजाऱ्यांच्या माळ्यावर शोधावा, कारण इथे ते मिळायला महिने जातात. दिव्याचे सुटे बल्ब असतील तेवढे आणावेत. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे डोके कॉलमवरून उतरवण्याआधी तोल सांभाळणाऱ्या स्प्रिंगा कशा बांधल्या आहेत ते नीट पाहावे. डोक्याचे वजन निघाले की ताणलेली गाडी एकदम वर उसळते आणि बोटे सापडतात. डोके सर्वात वर नेऊन, तिथे घट्ट आवळून, मगच स्क्रू सोडायला घ्यावेत, आणि दोन माणसे असावीत.